सगळं समजणारी बाई

खर्डी केंद्राच्या शाळांमध्ये जाऊन 'रेश्मा वेखंडे मॅडम कुठे भेटतील?' असं विचारलंत तर पोरं नुसती तोंडाकडे बघत राहतील. 'बोलायची बाय' म्हणा, मग चार बोटं एकदम वर होतील. हुद्दा म्हणाल तर कंत्राटी विशेष शिक्षिका. आज या पाड्याच्या शाळेत, उद्या त्या. खांद्याला फुगलेली पिशवी, पायात झिजलेली चप्पल, आणि ज्या पोराच्या तोंडून शब्द धड फुटत नाही त्याच्यासमोर ही बाई जमिनीवर मांडी ठोकून बसणार. कुणी अडखळत बोलतं, कुणाला ऐकूच कमी येतं, कुणाची जन्मापासून टाळू फाटलेली. शहापूर तालुक्याच्या या कोपऱ्यात अशी पोरं आहेत हे तिच्याआधी कुणी मोजलंही नव्हतं. घरचे म्हणत, बोबडा आहे, आणि विषय तिथंच संपायचा.

माहेर मुरबाडकडचं, सासर आसनगावचं. नवरा सुनिल तिथल्याच एका वर्कशॉपात कामाला. तो थट्टेनं म्हणायचा, "तू दगडाशी पन गप्पा मारशील गो." थट्टा होती, पण खोटी नव्हती. रेश्माचा कान खरोखरच वेगळा होता. वर्गात एखादं पोर रडकुंडीला येऊन काहीतरी सांगत असायचं, गुरुजी तीनदा 'काय? काय?' करून वैतागायचे, आणि ही दारातूनच म्हणायची, "अहो, त्याची पाटी बाजूच्यानं घेतलीय." पोराचा चेहरा असा उजळायचा की तिला दिवसभराच्या पायपिटीचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं. पोर काय म्हणतंय ते आपल्याला कळतं, दुसऱ्या कुणाला कळत नाही, याचा तिला अभिमान होता. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच. पगाराचा वाटावा असा तो नव्हता, मग कानाचा वाटला. त्याच कानानं तिचा घात केला.

कुणाली बोरीच्या पाड्यावरची. बाप नामा, आई गोजर. उतारावर भात आणि नाचणी, उरलेले दिवस मिळेल ते काम. पोरगी जन्मली तीच फाटलेला ओठ आणि फाटलेली टाळू घेऊन. शहापूरला फुकट शस्त्रक्रियेचं शिबिर भरलं तेव्हा गोजर तिला पदराखाली झाकून घेऊन गेली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ओठ शिवला, टाळू शिवली. ओठ इतका सुरेख बसला की आता व्रण सांगितल्याशिवाय दिसत नाही. टाळू मात्र आखूड राहिली. कुणाली बोलायला गेली की तोंडातला वारा नाकातून निसटायचा. 'ब'चा 'म' व्हायचा, 'द'चा 'न' व्हायचा, आणि 'प' नि 'क' तर उमटायचेच नाहीत, नुसता हुंकार निघायचा.

'बाबा' म्हणायला गेली की तोंडातून यायचं 'मामा'. अख्ख्या पाड्याला वर्षभर पुरेल एवढा विनोद झाला. नामा डोक्यावर गवताचा भारा घेऊन आला की पारावरची माणसं ओरडायची, "ये रे, भाचीचा मामा आला!" शेवटी नामानंच तोड काढली. म्हणाला, "माझ्या नावातच न आन म हाय, तिला नावानंच हाक मारू द्या." तेव्हापासून पोरगी बापाला 'नामा' म्हणते. तो शब्द तिच्या तोंडून लख्ख येतो. नवख्या माणसाला वाटतं, काय आगाऊ पोर आहे.

डॉक्टरांनी तेव्हाच गोजरला नीट सांगितलं होतं. शाळेत घाला, बोलण्याचा सराव करून घ्या. सरावानं सुधारलं तर उत्तम. नाही सुधारलं, वारा नाकातूनच जात राहिला, तर टाळूवर आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागेल. ती वेळेत व्हायला हवी, कारण चुकीच्या बोलण्याची सवय एकदा पक्की झाली की मग शिवूनही उपयोग नसतो. गोजरनं यातलं जे धरायचं ते बरोबर धरलं. ती त्याला 'दुसरा टाका' म्हणायची. रेश्मा दिसली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बाय, दुसरा टाका लागंल का?"

"बघू या. अजून सराव चालू आहे," रेश्मा सांगायची. त्या वेळी ती खरोखर बघतही होती.

तेव्हाची तिची पद्धत साधी. पिशवीत एक छोटा आरसा. पोराच्या नाकाखाली तो आडवा धरायचा आणि 'पा पा पा' म्हणायला लावायचं. आरशावर वाफ धरली तर वारा नाकातून जातोय. दुसरी गंमत कागदाच्या कपट्यांची. तळहातावर कपटे ठेवायचे, 'प' म्हटलं की ते उडाले पाहिजेत. कुणालीच्या हातावरचे कपटे हलायचे नाहीत, आणि आरसा दर वेळी धुरकट व्हायचा. पोरगी हसत हसत आरशावर बोटानं रेघ काढायची. रेश्मा घरी जाऊन वहीत दोन ओळी लिहायची. त्या ओळी कुणी मागत नव्हतं, तरी ती लिहायची.

मग ॲप आलं.

ठाण्याच्या एका संस्थेनं ते बनवलं होतं. शहापूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पहिल्या दिवशी चहा-बिस्किटं, दुसऱ्या दिवशी वडापाव, आणि प्रत्येकीच्या हातात एक टॅब. शिकवायला सुयोग सर. तरुण, इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ही गोष्ट वाईट माणसांची असती तर सोपी झाली असती. सरांनी पडद्यावर दाखवलं : प्रत्येक सत्रात मुलाकडून ठरलेले शब्द म्हणवून घ्यायचे. बरोबर असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर लाल फुली. टक्केवारी ॲप काढणार, आलेख ॲप काढणार. आलेख वर गेला म्हणजे मूल सुधारतंय. वर्षाच्या शेवटी आलेख ज्यांचा खालीच राहील, त्यांचीच नावं शस्त्रक्रियेच्या शिबिरासाठी डॉक्टरांकडे जातील. "आता अंदाजपंचे काही नाही. जे काही बोलायचं ते डेटा बोलेल," सर म्हणाले. ज्यांना आयुष्यभर बोलता न येणाऱ्या पोरांसाठी खपायचं होतं, त्यांना हे वाक्य फार आवडलं. बायांनी माना डोलावल्या.

आरशासाठी ॲपमध्ये जागा नव्हती. रेश्मानं विचारलं तेव्हा सर म्हणाले, "सूचना चांगली आहे, पुढच्या आवृत्तीत बघू."

पण भांडण त्यावरून झालं नाही. भांडण झालं 'पाणी' या शब्दावरून. सरांनी नमुना म्हणून एका पोराच्या आवाजाची फीत ऐकवली. पोर म्हणालं, "पानी." सरांनी लाल फुली मारली. "इथे 'ण' हवा होता, 'न' आला. म्हणून चूक."

रेश्मानं हातातला टॅब बाजूला ठेवला. कल्याणला डी.एड. करत असताना पहिल्याच पाठात ती फळ्यापुढे उभी राहून 'पानी' म्हणाली होती. 'डोला' म्हणाली होती. चाळीस मुली फिदीफिदी हसल्या होत्या, आणि बाईंनी सगळ्यांदेखत तिच्याकडून 'ण' आणि 'ळ' घोटून घेतले होते. होस्टेलच्या मोरीत उभी राहून तिनं महिनाभर 'पाणी, लोणी, बाळ, काळ' असा जप केला. जीभ वळली. पण पहिल्या सुट्टीत घरी गेली आणि 'पाणी दे' म्हणाली तेव्हा तिची आईच चुलतीला म्हणाली, "बामनीन झाली गो आपली पोरगी." इथून हसले, तिथूनही हसले. ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण विसरलीही नव्हती.

ती उभी राहिली. "सर, ही चूक नाही."

"म्हणजे?"

"या पोराची आय पानी म्हणते, बाप पानी म्हणतो, त्याचे गुरुजी घरी गेल्यावर पानीच म्हणतात. तानसाच्या काठावरची सगली गावं पानी म्हणतात. हा दोष नाही, ही बोली आहे. तुमी याला फुली मारलीत तर अख्ख्या तालुक्याला बोलायचा आजार आहे असं ठरंल." रागानं तिचा स्वतःचा 'ळ' कुठल्या कुठे पळाला होता.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मुरबाडहून आलेल्या बाया सगळ्यांत जोरात. सुयोग सर लाल झाले, फोन घेऊन बाहेर गेले, आणि परत येऊन म्हणाले, "मॅडमचा मुद्दा बरोबर आहे. आपण नियम करू. स्थानिक उच्चार ग्राह्य." तसा नियम झाला. ॲपमध्ये तशी ओळही आली. रेश्मा वेखंडेच्या आयुष्यातला एवढा मोठा विजय दुसरा नाही. संध्याकाळी तिनं सुनिलला ती हकिकत दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा सांगताना टाळ्या जरा वाढल्या.

पुढच्याच आठवड्यात बोरीच्या पाड्याच्या शाळेत कुणाली समोर बसली. टॅबवर चित्र आलं. नळ, खाली हंडा.

"काय आहे हे?"

"हानी," कुणाली म्हणाली.

रेश्मानं हिरवी खूण दाबली. मुद्दाम जरा जोरात दाबली. तिच्या कानानं शेवटचा 'नी' ऐकला, आणि ज्यांनी ज्यांनी तो चूक ठरवला होता त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून तो बरोबर ठरवला. सुरुवातीचा 'प' आलाच नाही, तिथे नुसता वारा गेला, हे तिला ऐकूच गेलं नाही. ती ज्या अक्षरासाठी भांडली होती त्याच अक्षराकडे तिचा कान लागला होता.

आणि एकदा सवय लागली की लागली. ठरलेले शब्द, ठरलेली चित्रं, समोर ओळखीची पोर. चित्र दिसायच्या आत रेश्माला उत्तर माहीत असायचं. कुणालीनं तोंड उघडलं की बाकीचं ती स्वतःच भरून घ्यायची. 'डोला'चा 'नोला' आला तरी डोळा कळला की नाही? कळला. हिरवी खूण. यादीत 'मान', 'ऊन', 'आई' असले शब्दही होते, ते तर पोरीला बिनचूक येत होते. आलेख चढायला लागला. त्यात खोटेपणा होता असं म्हणवत नाही. रेश्मानं एकही खूण लबाडीनं मारली नाही. जे तिला समजलं ते तिनं बरोबर धरलं, आणि तिला सगळंच समजत होतं.

ठाण्याच्या बैठकीत कुणालीचा आलेख पडद्यावर झळकला. सरांनी रेश्माला फोटो पाठवला. तिनं तो केंद्राच्या ग्रुपवर टाकला, त्यावर अंगठे आले, फुलं आली. केंद्रप्रमुखांनी 'अभिनंदन' लिहिलं. गोजरनं विचारलं, "बाय, दुसरा टाका?" तेव्हा रेश्मा पहिल्यांदा म्हणाली, "नाही लागायचा बहुतेक. पोरगी मस्त बोलायला लागलीय." गोजरनं डोळ्याला पदर लावला. परत जाताना तिनं बाईच्या पिशवीत जबरदस्तीनं काकड्या कोंबल्या.

एवढं झाल्यावर खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण एके दिवशी रेश्माला कुणालीचं कौतुक करायची हौस आली.

खर्डीला केंद्राच्या शाळांचा मेळावा होता. पाड्यावरची पोरं जीपनं आणली होती. दुपारी रेश्मा कुणालीला घेऊन स्टेशनजवळच्या दुकानाशी गेली. हातात पैसे दिले आणि म्हणाली, "जा, आज तू मागायचं. दोन पाव आण. मी इथंच उभी आहे." कुणालीच्या अंगावर मेळाव्यासाठी घातलेला नवा फ्रॉक होता. ती ऐटीत दुकानापुढे गेली, टाचा उंचावल्या आणि मोठ्यानं म्हणाली, "नोन हाव न्या."

दुकानदारानं मान पुढे केली. "काय?"

"नोन हाव न्या!"

"काय न्या? कुनाला न्या?" तो बाजूच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला. "आमी द्यायला बसलोय, ही म्हनते न्या!"

गिऱ्हाईकही हसलं. कुणालीनं मागे वळून बाईकडे बघितलं आणि पुन्हा सांगितलं, या वेळी आणखी जोरात. आवाज जितका चढला तितका वारा नाकातून जास्त गेला. दुकानदारानं मिठाची पुडी पुढे केली. तिनं मान हलवली. मग त्यानं वही पुढे केली. मग म्हणाला, "जा, आयशीला घेऊन ये." त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं.

रेश्मा दहा पावलांवर उभी होती. तिला पहिल्याच वेळी कळलं होतं : दोन पाव द्या. आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं की हे कळणं काही कामाचं नाही. जगात कुणालीला पाव विकणारी बाई वेखंडे मॅडम नसणार. अकरा वर्षं ज्या कानाचा टेंभा मिरवला तो कान म्हणजे मोजायला बसलेल्या माणसाच्या डोळ्यावरची पट्टी होती. कुणाली पैसे मुठीत धरून परत आली. तिनं तक्रार केली नाही. अशा दुकानांची तिला सवय असावी, आणि ही सवय आपल्याला माहीत नव्हती याची रेश्माला फार लाज वाटली.

शाळेच्या मागच्या भिंतीशी बसून तिनं पिशवी उपसली. तळाशी आरसा सापडला, त्यावर खडूची भुकटी साचली होती. पुसला, पोरीच्या नाकाखाली धरला. "म्हण, पा पा पा."

आरसा धुरकटला. दोन वर्षांपूर्वी होता तितकाच. कुणालीनं त्यावर बोटानं रेघ काढली आणि हसली.

मग धावपळ सुरू झाली. शिबिर आठवड्यावर आलं होतं. टॅबवर जुन्या खुणा बदलायला गेली, तर महिना उलटला की ॲप त्या बंद करून टाकत होतं. सुयोग सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, कुणाली तर तुमची स्टार केस. 'ध्येय साध्य' मध्ये गेलीय ती." रेश्मानं सांगितलं, ऐकण्यात माझी चूक झाली. सर हसले, म्हणाले, "तुम्ही फार कठोर आहात स्वतःशी. शिबिराला घेऊन या, बघू." त्या 'बघू'वर तिनं सगळी भिस्त ठेवली. गोजरला निरोप धाडला : दुसरा टाका लागेल, पोरीला घेऊन चला. का लागेल, आधी 'नाही लागायचा' का म्हटलं, ते निरोपात नव्हतं.

शहापूरच्या शिबिरात मांडव, खुर्च्या, पाण्याचे जार, रांगेत पोरं. एका खोलीच्या दारावर शिपाई आणि आत मुंबईचे डॉक्टर. यादीतलं नाव पुकारलं की पोर आत. कुणालीचं नाव यादीत नव्हतं. रेश्मा सरळ दाराशी गेली, शिपायानं हात आडवा घातला. ती म्हणाली, "एकदा फक्त आवाज ऐकू दे त्यांना." तो म्हणाला, "यादी सरांकडं हाय बाय, माज्याकडं नाय."

सुयोग सर धावत आले. त्यांनी कुणालीच्या गालाला हात लावला, शेजारच्या खुर्चीत बसवलं, टॅब उघडला. खरंच मनापासून ऐकायला वाकले. "बोल बाळा, हे काय?"

नळ, खाली हंडा.

"हानी," कुणाली म्हणाली.

सरांनी रेश्माकडे हसून बघितलं. "बघा. स्थानिक उच्चार, ग्राह्य. तुम्हीच भांडून घेतला होतात ना हा नियम? मी तर आता सगळीकडे तुमचंच उदाहरण देतो."

"सर, 'न'चं सोडा हो! 'प' कुठाय? 'प' ऐका!" रेश्मा ओरडलीच. मांडवातल्या चार-सहा बाया वळून बघायला लागल्या.

सरांनी पुन्हा ऐकलं. आता त्यांच्याही कपाळावर आठी आली. ऐकू आलं असावं. त्यांनी आवाज खाली घेतला. "मॅडम, समजा तुम्ही म्हणता ते खरं. मग तुमच्या बाकीच्या मुलांच्या खुणांचं काय समजायचं? त्याही चुकल्या? मी वर काय सांगू? आजच्या जागा भरल्यात. ज्यांना बोलावलंय त्यांतल्या एकाला उठवून घरी पाठवू का?" समोरच्या बाकावर मुरबाडचं एक पोर बसलं होतं, ओठाला नुकताच टाका पडल्यासारखा व्रण. रेश्मानं त्याच्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. "बंद झालेली केस उघडता येत नाही," सर म्हणाले. "नवीन नोंदणी करा. वर्षभराचा नवीन डेटा भरा. या वेळी नीट भरा. पुढच्या शिबिराला नक्की." ते हळू, समजावून बोलत होते, आणि म्हणूनच रेश्माला त्यांच्यावर धड चिडताही येईना.

"आणि वर्षात सवय पक्की झाली म्हणजे?"

सरांनी टॅब मिटला. त्यांना कुणीतरी हाक मारली.

गोजर मांडवाच्या खांबाशी पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत पोरीचे दोन कपडे, एक चादर. दवाखान्यात राहावं लागलं तर म्हणून आणलेली. रेश्मा तिच्यासमोर उकिडवी बसली आणि सगळं सांगितलं. यादी, खुणा, आलेख, स्वतःचा कान. काही लपवलं नाही. आपल्याला शिव्या पडतील असं तिला वाटत होतं, आणि पडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गोजर ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "बाय, तुमाला तं तिचा सगला समजायचा. म्हनून आमी निवांत व्हतो." तिनं चादर पुन्हा पिशवीत नीट दाबून बसवली आणि उठली.

परतीच्या जीपमध्ये तिघी मागच्या बाकावर होत्या. समोर गुडघ्याला गुडघा लावून एक म्हातारे गृहस्थ, खर्डीचेच, मांडीवर खताची रिकामी गोणी. गोजर बाहेर बघत होती. रेश्मा स्वतःच्या हातांकडे. कुणाली मात्र सकाळपासून गप्प बसून कंटाळली होती. तिनं बाईचा दंड हलवला आणि विचारलं, "माय, नुहरा हाआ अवा?"

म्हाताऱ्यांनी कुतूहलानं मान पुढे केली. "काय म्हनते गो पोर?"

बाय, दुसरा टाका कवा? रेश्माच्या कानातून एक अक्षरही सुटलं नव्हतं. पोरीचे डोळे तिच्यावर होते, बाजूला गोजरची मान किंचित वळली होती, आणि सांगण्यासारखी तारीख जगात कुणापाशी नव्हती.

"मला नाय समजलं," रेश्मा म्हणाली.

कुणाली तिच्याकडे बघत राहिली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मग बाईनंच शिकवलं होतं तशी ती ताठ बसली, श्वास घेतला, आणि तोच प्रश्न तिनं बाईला पुन्हा विचारला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.